हनुवटीवरचे तीन ठिपके

पहिलीत असताना मास्तरांनी एकेकाला उभं करून आईचं नाव विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी खणखणीत आवाजात सांगितलं, "हबशीण." मास्तर हसले. मग शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना बोलावून त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. माझ्या आईचं नाव सगळ्यांना आवडलं असं मला वाटलं.

दोष माझा नव्हता. आमच्या घरात आईसाठी दुसरं नाव कोणी वापरतच नव्हतं. अप्पांची आई, म्हणजे आमची आजी, डोळे उघडल्यापासून सुरू व्हायची. "हबशीनीला म्हनावं पानी तापीव." "हबशीनीनं आज वरनात मीठ ओतलंय." आल्यागेल्या पाहुण्यांनीही तेच उचललं होतं. अप्पा तिला कोणतीच हाक मारत नसत. ते खाकरायचे आणि आई समजून घ्यायची. शाळेतला प्रकार मी घरी येऊन सांगितला तेव्हा आजी पोट धरून हसली आणि तिच्यामागून आईही हसली. आई नेमकी कशाला हसली हे मला पुढं बरीच वर्षं कळत नव्हतं. कळायला लागलं तेव्हापासून मला त्या हसण्याचा राग येतो.

आई काळी होती. सावळी, गव्हाळ, निमगोरी हे शब्द सोयरीक जुळवताना समोरच्याला गुंडाळायला असतात. आई सरळ काळी होती. आजी स्वतः काही धुतल्या तांदळाची नव्हती, रंगानं तर नव्हतीच, पण ती सासू होती आणि सासूचा रंग कोणी बघत नाही. पणजोबांच्या काळात आमच्याकडं मेंढरं होती. माझ्या आठवणीत मात्र फक्त बीदरला लागून असलेल्या नौबादच्या दोन खोल्या आहेत, आणि आईअप्पा दोघांची मजुरी. आई डाळमिलमध्ये तूर निवडायला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या तोंडावर डाळीचा भुगा बसलेला असायचा. "आज गोरी झालीस की गं," आजी म्हणायची. आई तोंड धुवायची आणि चुलीपुढं बसायची.

तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. गोऱ्या बाईचं गोंदण अंगणातून दिसतं. आईचं अगदी जवळ गेल्याशिवाय दिसायचं नाही. मला आणि धाकट्या भावाला ते ठाऊक होतं, कारण निजताना आम्ही त्यांच्यावर बोट ठेवून झोपायचो. बाकी घरात तिच्या इतकं जवळ कोणी जात नव्हतं.

आईचा फोटो मात्र नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावण्याइतकी ऐपत कोणाचीच नव्हती आणि पुढं जेव्हा कुठं कॅमेरा निघायचा तेव्हा आईला आत काहीतरी उतू गेल्याचं आठवायचं. चुलतबहिणीच्या लग्नातल्या एका फोटोत माझ्या खांद्यावर एक हात आहे, चार हिरव्या बांगड्यांचा. बाकीची आई फोटोच्या बाहेर आहे. मतदानाच्या ओळखपत्रावर तिचा चेहरा होता, पण त्यात काळ्या चौकोनात दोन डोळे एवढंच दिसायचं. ते कार्ड दाखवलं की मतदान केंद्रावरचा माणूस एकदा कार्डाकडं बघायचा, एकदा तिच्याकडं बघायचा आणि म्हणायचा, जा.

मी आईवर गेले. रंगानं गेलेच, वर अंगानंही थोराड. शिकले, लिहायला-वाचायला बरी निघाले, त्यामुळं घरात एक आशा होती की कोणीतरी डोक्याकडं बघून पसंत करेल. नव्वदनंतरची ती वर्षं. देश खुला झाला असं पेपरात रोज छापून येत होतं. नौबादच्या किराणा दुकानात खुलं झालं ते एवढंच, की दारात शाम्पूच्या आणि गोरं करणाऱ्या क्रीमच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. आई मिलमधून येताना एक पुडी तोडून आणायची. मला समोर बसवून चोळायची, आणि चोळताना कधी नव्हे इतकी माया करायची.

"तू पन लाव की," मी म्हणायचे.

"माझं काय आता. माझं झालं."

एकदा मी बाहेरून पाणी घेऊन आत आले तर ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. रिकामी पुडी तिनं विळीवर उभी चिरली होती आणि आतला चिकटलेला अंश बोटानं पुसून ती गालावर लावत होती. मी तशीच मागं फिरले. मी पाहिलं हे तिला कळलं नाही आणि मीही कधी बोलले नाही.

पाहुणे आले, उदगीरकडून आले, भालकीकडून आले. एका मुलाच्या आत्यानं माझा दंड चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "कामाला दांडगी हाय." मग चहा पिऊन ते गेले. निरोप कधी रंगाचा यायचा, कधी अंगाचा. रंग कुंडलीवर ढकलायची रीत आमच्याकडं नव्हती, माणसं सरळ सांगायची. पुढं मीच दाखवायला बसायचं सोडलं. अप्पा काही दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, "बरं केलंस." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी घेऊन आली.

लातूरला छापला जाणारा एक मराठी पेपर तेव्हा सीमाभागाला अर्धं पान द्यायचा. बीदरच्या स्टँडाजवळ एका खोलीत त्याचं ऑफिस होतं. मी तिथं लागले. आधी सभा, सत्कार, पाणीटंचाई, मग शनिवारचं बायकांचं पान. ते पान माझ्याकडं आलं कारण ऑफिसात बाई मी एकटी होते. मी त्यात जे मनात होतं ते लिहायला लागले. वधू पाहिजे म्हणून जाहिरात देणारा स्वतःचा रंग का लिहीत नाही? बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटावर हसणारं घर त्या पोटातून आलेल्या पोरावर का हसत नाही? एका लेखात मी लिहिलं की चांदीच्या नक्षीच्या बिदरी सुरईला नीट काळा रंग चढावा म्हणून किल्ल्यातली माती शोधत फिरणारं हे गाव पोरीचं तोंड मात्र डाळीच्या पिठानं घासतं. ही ओळ लोकांना फार आवडली. लोकांना आवडली म्हणजे कोणालाही लागली नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

"मॅडम, तुमच्या लेखनात राग लई असतोय," आमचे ऑफिसप्रमुख म्हणायचे. "बायकांचं पान जरा हसतं-खेळतं पायजे."

"ते खाली पाककृतीत असतंय की, सर."

त्यांनीच मला हबशी कोटावर लिहायला सांगितलं. शहराच्या पूर्वेला टेकडीवर जुनी थडगी आहेत, पर्यटनाच्या पानासाठी काहीतरी हवं होतं. मी वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर थांबले. हबशी म्हणजे समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेली माणसं. कोणी गुलाम म्हणून विकत आणलेली, कोणी शिपाई म्हणून आलेली. त्यांच्यातले काही इथं सरदार झाले, त्यांनी बीदरच्या राजकारणात सुलतानांना घाम फोडला आणि मेल्यावर ते त्या टेकडीवर घुमटाखाली निजले. पंचवीस-तीस वर्षं मी ज्या शब्दावर वाढले तो शिवी नव्हताच. ते माणसांचं नाव होतं. त्या माणसांचा मान कुठल्या कुठं गेला आणि मागं उरलेला रंग आमच्या घरातल्या बाईला बोलवायला कामी आला. मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला की मी घरी जाऊन आईला धरून बसवलं आणि सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरदार हुते, तर आपल्या घरात मला कामून म्हनतेत?"

पुढच्या रविवारी मी तिला रिक्षानं हबशी कोटावर नेलं. ऊन चांगलं होतं. टेकडीवर दोन शेळ्या आणि आम्ही दोघी. आई एकेका थडग्याजवळ जाऊन उभी राहिली, एकाच्या दगडावर हात फिरवला.

"इथं बाया न्हाईत का गं?"

"असतील की. नावं न्हाईत कुनाची."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि पायरीवर बसली.

ऑफिसचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काढ मग. हबशीनीचा फोटू हबशाच्या दारात." आणि हसली. आजीबरोबर हसायची तसं नाही. मान वर करून, समोरच्या दातांमधली फट दिसेल असं. ऊन थेट तोंडावर होतं, हनुवटीवरचे तिन्ही ठिपके मला कॅमेऱ्यातून दिसले. मी बटण दाबलं. रोल धुऊन आल्यावर पाहिलं तर फोटो तसाच आला होता. आईचा रंग जसा होता तसा, काळा आणि तुकतुकीत, गोंदणासकट. मी दोन प्रती काढल्या. एक लेखाबरोबर एसटीच्या पार्सलनं लातूरला पाठवली, एक कपाटात ठेवली.

लेख शनिवारी आला. मी शब्दाबद्दल लिहिलं होतं, घराबद्दल लिहिलं होतं, आजीबद्दलही लिहिलं होतं. लिहिताना मला वाटत होतं की आज मी आईला काहीतरी परत देतेय. पेपर उघडला तर फोटोच्या जागी एक डाग होता. आमच्या पेपरचा कागद हलका आणि शाई उदार. गोऱ्या मंत्र्यांची तोंडं त्यात ठीक यायची. आईचं सगळं तोंड शाईनं गिळलं होतं, मधोमध पांढरे दात तेवढे तरंगत होते.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं पेपर दारात उजेडाला धरला. "माझं तोंड कुटं हाय?" तिनं विचारलं. मग तिला सापडलं. "दात आलेत," ती म्हणाली आणि घडी करून मला परत दिला. गल्लीतल्या बायका दुपारी येऊन बघून गेल्या. कोणी मुद्दाम वाईट बोललं नाही. पदर तोंडाला लावून बाहेर पडल्या, एवढंच.

अप्पा म्हणाले, "घरातलं पेपरात घालायला शिकलीस का?" आजीला कोणीतरी लेख वाचून दाखवला. तिनं त्या दिवसापासून तो शब्द टाकला. मला वाटलं, जिंकलो. पण त्या शब्दाच्या जागी तिनं दुसरं काही घेतलं नाही. आईचं खरं नाव या घरात इतकी वर्षं कोणाच्या तोंडी नव्हतं, ते आता कुठून येणार? आजी तिला नुसतं हातानं खुणावू लागली. पाहुणेही सावध झाले. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "आधी हाक तर मारत हुत्या." मी पत्रकार, माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर सातशे शब्द तयार असायचे. त्या वाक्यावर मी आजवर एक ओळ लिहू शकलेले नाही.

त्यानंतर आईनं फोटो काढू दिला नाही. मोबाईलमध्ये कॅमेरे आले, भाऊ कामाला पुण्याला गेला तो सुट्टीत येऊन सगळ्यांचे फोटो काढायचा, आई पदर ओढून घ्यायची. "दात येतेत नुसते," म्हणायची.

आजी गेली. मग काही वर्षांनी आईची पाळी आली. ती आतून रक्त गमावत होती आणि आम्हाला कळलं नाही. अशा आजारात माणूस पांढरा पडतो म्हणतात. गोऱ्या माणसाचं तोंड पांढरं पडलं की घर धावपळ करतं, कोणीतरी म्हणतं की अगं तोंड बघ केवढं उतरलंय. आईचं तोंड पांढरं पडलेलं कोणाला दिसलं नाही. अप्पांना नाही आणि मलाही नाही, जिनं रंगावर इतकं लिहिलं. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून आतला रंग पाहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, इतके दिवस काय करत होतात. ती फार दिवस राहिली नाही. शेवटच्या रात्री मी ठिपक्यांवर बोट ठेवून बसले होते.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी ऑफिसात सुट्टीचं सांगायला गेले होते तेवढ्यात भावानं माझ्या कपाटातून हबशी कोटाचा फोटो काढला आणि स्टुडिओत देऊन आला. त्याची परतीची गाडी ठरलेली होती, त्याला त्याच्या हातानं काहीतरी करून जायचं होतं. मी त्याच्यावर ओरडले नाही. फोटो घरी आला तेव्हाही नाही.

फ्रेममध्ये एक गोरी बाई होती. मागं निळा पडदा होता, कपाळाला मोठं लाल कुंकू होतं. दातांतली फट बुजवलेली. हनुवटी कोऱ्या पाटीसारखी साफ.

"चांगला केलाय की, अक्का," भाऊ म्हणाला. निजताना त्या हनुवटीवर बोट ठेवणाऱ्यांपैकी तो एक होता.

मी तडक स्टुडिओत गेले. मालक भला माणूस होता, खुर्ची पुढं केली. मी मूळ फोटो मागितला. त्यानं ड्रॉवर उपसला, मग पोतं उपसलं. "स्कॅन होने के बाद कोई मांगता नै, मॅडम. कचरे में गया होगा." कॉम्प्युटरमध्ये असेल म्हणून पाहिलं, तर त्यानं मूळ चित्रावरच काम करून तेच साठवलं होतं. मी विचारलं, गोरं कोणी करायला सांगितलं होतं? तो गोंधळला. "बोलना क्या उसमें? काला रखे तो घरवाले वापस लाते. बोलते, हमारी अम्मा ऐसी नै थी." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "ठुड्डी पे तीन दाग थे, वो बी साफ कर दिया."

लातूरला पाठवलेली प्रत परत आली नव्हती. ऑफिसात कॅमेरे बदलले तेव्हा जुन्या निगेटिव्हची खोकी रद्दीत गेली होती. माझ्याकडं त्या शनिवारचं कात्रण होतं, शाईचा डाग आणि दात. एका कागदावर आई काळी म्हणून दिसत नव्हती, दुसऱ्यावर काळी दिसू नये म्हणून नव्हती. मधली, खरी, एका रविवारी उन्हात बसलेली, ती कुठंच राहिली नव्हती.

तेरवीला त्या गोऱ्या बाईला हार घातला होता. जेवणं उरकत आल्यावर मैलूरहून आईची मैत्रीण आली. आई आणि ती डाळमिलमध्ये शेजारी शेजारी बसून तूर निवडायच्या, सगळं आयुष्य तसंच गेलं दोघींचं. तिला पोचायला उशीर झाला होता. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"हिचा फोटू लावला न्हाई व्हय?"

मी भिंतीकडं बोट केलं. ती पुढं गेली, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. "ही कोन?" तिनं विचारलं. मग, "गोंदन कुटं गेलं हिचं?"

अप्पा खाली मान घालून म्हणाले, "राहू द्या. तिला आवडलं असतं."

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. जन्मभर तिला नावानं हाक न मारलेला माणूस तिला काय आवडलं असतं ते सांगत होता. आणि तेवढ्यात मला विळीवर उभी चिरलेली पुडी आठवली, भिंतीकडं केलेलं तोंड आठवलं, आणि मला कळलं की अप्पा खरं बोलतायत. ते खरं आहे याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

मैत्रीण माझ्याजवळ येऊन टेकली. "दोगींनी संगं गोंदून घेतलं हुतं," ती म्हणाली, "जत्रेत. तुजा जलम व्हायच्या आदी. ती रडली, मी न्हाई रडले." मी तिच्या हनुवटीकडं पाहिलं. ती आईइतकीच काळी होती, त्यामुळं मला वाकावं लागलं. तीन हिरवे ठिपके, तेच, तसेच, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर.

मी मोबाईल काढला. "मावशी, तुमचा एक फोटो काढू का? हनुवटीचा. आईची आठवन म्हनून."

तिनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीवरच्या फोटोकडं पुन्हा पाहिलं. या वेळी वेगळं पाहिलं, दुकानात साडी हातात धरून बघतात तसं. मग पदर बाजूला केला, केस सारखे केले आणि ताठ बसली.

"काढ की," ती म्हणाली. "पर हिच्यावानी करून आन. माझी पोरं पन लावतील मग."

मी फोटो काढला. तो माझ्याकडं आहे, जसा आला तसा. मैलूरला गेले की ती अजून विचारते, फोटू झाला का. मी सांगते, स्टुडिओ बंद हाय, मावशी.